आंबेटेपचा सुगंधी धोंडा

सकाळच्या उन्हात पाटलांच्या खळ्यावर शंभरेक माणसे एका धोंड्याचा वास घ्यायला रांगेत उभी होती. धोंडा तसा साधाच. ओढ्यात पडलेले असतात तसा काळा, हंड्याएवढा. पण त्याला शेंदूर फासला होता, वर झेंडूची माळ होती, आणि शेजारी व्याघ्रचर्म म्हणून अंथरलेल्या पिवळ्या चादरीवर गंधनाथ महाराज बसले होते. चादरीवरचे पट्टे काजळीने ओढलेले होते. महाराज जरा सरकले की वाघ त्यांच्या धोतराला लागे.

"या, बालकांनो, या! भिवपुरीला साहेबाने पाण्यातून वीज काढली. तुम्ही ती डोळ्यांनी पाहिलीत. विश्वास बसला ना? मग आमच्या गुरूंनी बारा वर्षे तप करून दगडातून सुगंध काढला, त्यात नवल ते काय? साहेबाला तारा तरी लागतात. आम्हाला तारही लागत नाही!"

हे सन एकोणीसशे अठ्ठावीसच्या सुमाराचे. आंबेटेप हे गाव भिवपुरीपासून दीड कोस आत. वीज आमच्या डोक्यावरून मुंबईला जात होती आणि आम्ही खाली घासलेटच्या चिमण्या लावत होतो. त्यामुळे तार न लागणारा चमत्कार लोकांना फारच पटला. मी तिथल्या शाळेचा एकुलता एक मास्तर. वय चोवीस, पेटीभर पुस्तके, आणि चारचौघांत बोलायचे म्हटले की जीभ टाळूला चिकटायची.

आमच्याकडे खळ्यावर रांग लागली की ती मानाने लागते. आधी पाटील, मग त्यांचे घरचे आणि भाऊबंद, मग मास्तर, मग इतर शेतकरी, आणि सगळ्यांत शेवटी डोंगरातल्या वाडीवरून भात झोडायला आलेले ठाकर. प्रसादाला हीच रांग, पानसुपारीला हीच. महाराजांनी ती ओळखली होती. त्यांनी फक्त एक बदल केला. पाटलांच्याही आधी त्यांनी आपला चेला नागू याला पुढे केले, रीत दाखवायला म्हणून.

नागू गुडघ्यांवर बसला. धोंड्याला नाक लावले. अंगाला झटका दिला.

"अहाहा! केवडा! महाराज, केवड्याचं बनच्या बन!"

मग भिवाजी पाटील वाकले. त्यांच्या मिशा दोनदा हलल्या. त्यांनी नागूकडे पाहिले, महाराजांकडे पाहिले आणि घसा खाकरून म्हणाले, "केवडाच. जरा... जरा लांबचा हाय."

पाटलांच्या आई मोतीबाई काठी टेकत आल्या. "अगं बाई! मला तर चंदन येतंय!"

महाराजांनी हात उंचावला. "ज्याचा जसा भाव, तसा गंध!"

हे वाक्य फारच सोयीचे होते. त्यानंतर त्या धोंड्याने कोणता वास म्हणून सोडला नाही. मोगरा झाला, कापूर झाला, जाईजुई झाली. हिरू म्हणून एक गडी होता, त्याने सगळ्यांवर ताण केली.

"मला अत्तर येतंय! ममईच्या भेंडीबाजारातलं!"

"तू कदी रं गेलतास भेंडीबाजारात?" मागून कुणीतरी विचारले.

"नाय गेलो. पन तिथलं आसंच आसनार."

माझी पाळी मात्र हिरूच्या आधीच येऊन गेली होती, आणि ती सांगायचे मी टाळतो आहे. मी वाकलो. शेंदरातल्या तेलाचा खवट वास आला, बाकी काही नाही. मान वर केली तर शंभर चेहरे माझ्याकडे पाहत होते. "मास्तर, तुमाला काय आला?" पाटलांनी विचारले.

"चाफा," मी म्हणालो.

आणि खरे सांगतो, शब्द तोंडातून गेल्यावर क्षणभर मला चाफा आल्यासारखेही वाटले.

रांगेच्या शेपटाला ठमी होती. वाडीवरची विधवा ठाकरीण, पन्नाशीची, काटकुळी. तिचे नाक म्हणजे वाडीचा दवाखाना आणि न्यायालय दोन्ही होते. रानातून खणून आणलेला कंद विषारी की खाण्याजोगा, हे ठमी हुंगून सांगे आणि वाडी तेवढ्यावर तो शिजवून पोरांना घाली. खुद्द पाटील दरवर्षी तिला बोलावून बियाण्याची कणगी हुंगायला लावत. आत ओल धरली असेल तर ती बाहेरूनच सांगे.

ठमी धोंड्याजवळ बसली. तिने सावकाश हुंगला. मग उलट्या बाजूने हुंगला. इतका वेळ कुणीच घेतला नव्हता.

"शेंदूर हाय," ती म्हणाली. "करंजाचं तेल हाय, जुनं. आन् खालच्या अंगाला कोंबडी शिटलीया."

कुणी हसले नाही.

"अगं, सुगंध! सुगंध येतोय का?" महाराज म्हणाले.

"नाय."

"नीट घे."

"घेतला की रं. तूच घे येकदा, तुला बी कळंल." वाडीवर 'तुम्ही' हा शब्द चालत नसे. मामलेदार आला तरी त्याला तू.

महाराजांनी डोळे मिटले. बराच वेळ मिटूनच ठेवले. मला आज वाटते, ते आत काहीतरी शोधत होते. मग ते हळू आवाजात बोलले, "हिच्या आत काळोख आहे. ही जिथे वावरेल तिथल्या खळ्यावरची रास बसेल, बरकत जाईल."

वर्षाचे भात खळ्यावर ढीग घालून पडलेले असताना रास बसेल असे म्हणणे म्हणजे वाळल्या पेंढ्यात निखारा टाकणे. शंभर माणसे एकदम मागे सरली आणि ठमीभोवती वर्तुळ मोकळे पडले. मीही सरलो.

तीन दिवसांत निकाल लागला. हिरूची म्हैस आटली, ती ठमीमुळे. एकाच्या खळ्यावर भात कमी भरले, तेही ठमीमुळे. पुनवेच्या आत ठमीने वाडी सोडायची. नाहीतर वाडीतल्या एकाही माणसाला गाव झोडणीला बोलावणार नाही. झोडणीच्या मजुरीत मिळालेल्या भातावर वाडी होळीपर्यंत जेवायची. वाडीचा म्हातारा जैतू पाटलांच्या अंगणात दोन तास उकिडवा बसला आणि उठून गेला. गावाने ठमीला हात लावला नव्हता. तिला काढायचे काम तिच्याच माणसांवर टाकले होते.

आता तिचे खोपट होते सरकारी जंगलाच्या हद्दीत, कर्जतच्या दप्तरात नोंदलेले. ते हलवायचे तर मामलेदाराला कागद हवा. आणि गावात कागद लिहिणारा एकच.

"लिवा, मास्तर," पाटील म्हणाले. "समद्या गावाला सुगंध आला, येकट्या ठमीला नाय आला. सबब ती गावास घातक. खाली समद्यांचं आंगठं."

मी कागद घेऊन शाळेत आलो. दौत उघडली, बंद केली, पुन्हा उघडली. दुपारी ठमी शाळेच्या उंबऱ्याशी येऊन बसली.

"मास्तर, माजा कागूद तू लिवनार म्हनं."

"लिहावा लागेल."

"लिव. मला वाचता येत नाय ते बरंच हाय. येक सांग. तुला चाफा आला?"

मी भिंतीवरच्या नकाशाकडे पाहू लागलो.

"आरं, देवळापाशी चाफा हाय, त्याला आता पान बी नाय. केवडा भादव्यात सरला. मोगरा येतो उन्हाळ्यात. तुमच्या धोंड्याला रुतू म्हायती नाय का रं?"

मला हसू आले आणि लगेच लाज वाटली.

"जैतू म्हनतो, जा, मोगरा आला म्हन आन् मिटव. म्हननार व्हते. तोंडापातूर आलं व्हतं." ती पदराचे टोक पिळत राहिली. "पन माज्या नाकावर लोकं कंद खात्यात. आज नाय तो वास आला म्हनले, तर उद्या मी बरा म्हनलेला कंद पोराला कोन भरवंल? आन् वाडी सोडून कुटं जाऊ? माजी मानसं त्या मातीत हायत."

ती थोडा वेळ बसली आणि गेली.

दुपारनंतर वर्गात भागाकार होता. मी फळ्यावर एक उदाहरण करून दाखवले आणि सवयीने विचारले, "समजला का?"

"समजलाऽऽ!" बावीस तोंडे एकसुरात म्हणाली. आधी पहिल्या बाकावरचा पाटलांचा नातू, आणि त्याच्याकडे पाहत बाकीचे.

"पाट्या काढा. उदाहरण सोडवा. पाट्या पालथ्या घाला."

पाट्या उलटून पाहिल्या तर बरोबर तीन. नातवाचे चूक. यात नवीन काहीच नव्हते, रोज हेच होते. म्हणून तर मी पाट्या पालथ्या घालायला शिकवले होते. तोंडी विचारले की सगळा वर्ग हुशार, आणि पालथ्या पाटीवर ज्याचे त्याला कळलेले. पोरे लबाड नव्हती. प्रत्येकाला वाटत होते, बाकी सगळ्यांना समजले आहे, अडलो आहे तो मी एकटा.

त्या दिवशी मी खडू हातात धरून बराच वेळ उभा राहिलो. खळ्यावर आम्ही सगळ्यांनी तोंडी उत्तर दिले होते. पाटी कुणीच पालथी घातली नव्हती.

संध्याकाळी पाटलांकडे गेलो. वाटेत चार वेळा मागे फिरलो असेन. महाराज ओटीवरच दूध पीत होते. मी जमिनीकडे पाहत म्हणालो, "कागदाला अडचण आहे. पंचनाम्यात प्रत्येकाची साक्ष एकेकट्याची घ्यावी लागते. दुसऱ्याच्या देखत घेतलेली चालत नाही. मामलेदार कागद परत पाठवतील."

हा नियम कोणत्या पुस्तकात आहे, हे मला आजही माहीत नाही.

"देवाची साक्ष आता मामलेदार तपासणार?" महाराज गरजले.

पाटलांनी मिशीवरून हात फिरवला. "म्हाराज, धोंडा तुमचा, कबूल. पन कागदाखाली नाव माजं लागनार हाय. कागूद परत आला तर कर्जतला उभा मी ऱ्हानार."

दुसऱ्या दिवशी शाळेच्या खोलीत मी दोन टोपल्या ठेवल्या. एकीत भरलेले भात. दुसरीत पाखडून काढलेले फोल, म्हणजे दाणा न भरलेले, नुसते टरफल. मध्ये रांजण, त्यावर फडके. सुगंध आला असेल त्याने मूठभर भात रांजणात टाकायचे, नसेल आला त्याने मूठभर फोल. एका वेळी एकच माणूस आत, दार बंद. मी कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसणार. बोलायची गरज नाही. मला स्वतःला जे कधी जमले नाही ते मी कुणालाच करायला लावणार नव्हतो.

आणखी एक गोष्ट मी मनात धरली होती. खळ्यावरच्या भाताला हात लावून आमच्याकडे कुणी खोटे बोलत नाही. बरकत जाते म्हणतात. मी बरकत मानत नाही, पण त्या दिवशी तिचा आधार घेतला. माझ्या बुद्धिवादात एवढी भेसळ होती, ती कबूल करतो.

एक गोष्ट मात्र मला सुचली नव्हती. भाताची मूठ रांजणात पडली की सर्र असा आवाज होतो. फोलाची मूठ पडली तर काहीच ऐकू येत नाही.

पहिला नागू आला. सर्र.

मग महाराज स्वतः, साक्ष द्यायला. सर्र.

मग जड वहाणा वाजल्या, म्हणजे पाटील. वहाणा थांबल्या. बराच वेळ गेला. काही वाजले नाही. वहाणा निघून गेल्या. मला वाटले, न टाकताच गेले.

काठी टेकत मोतीबाई आल्या. सर्र. मला वाटले, आता सगळेच भात टाकणार.

त्यानंतर दार उघडत होते, मिटत होते, आणि माझ्या पाठीमागे शांतता पडत होती. मूठभर शांतता, पुन्हा मूठभर शांतता. भाऊबंद आले, शेतकरी आले, हिरू आला. एवढा बडबड्या माणूस, तोही न वाजता गेला. दुपारपर्यंत मी भिंतीकडे पाहत बसलो होतो आणि भिंत मला अंधुक दिसू लागली होती. शेवटी मी उठलो आणि माझी मूठ टाकली. तीही वाजली नाही.

रांजण दोघांनी उचलून खळ्यावर आणला आणि चटईवर ओतला. ढीग पडला. आता काय करायचे, ते सांगायला माझे तोंड उघडेना. तेवढ्यात ठमी पुढे आली. कुणाला न विचारता तिने सूप उचलले, ढीग सुपात घेतला आणि रोज पाखडते तशी पाखडू लागली. चार वेळा सूप भरले, चार वेळा पाखडले. वारा पश्चिमेचा होता. पूर्वेच्या अंगाला महाराज बसले होते. फोलांचा लोट उठला आणि त्यांच्या जटांत, दाढीत, काजळीच्या वाघावर जाऊन बसला.

सूप थांबले. तळाशी तीन मुठी भात उरले होते.

शंभर माणसांच्या साक्षीतले एवढेच.

जो तो सुपाकडे पाही आणि मग शेजाऱ्याकडे. हिरूला आधी राहवले नाही.

"म्हंजे... पाटील, तुमाला बी नाय आला?"

पाटलांचे तोंड लाल झाले. "तुला तर भेंडीबाजार आलता ना रं, गाढवा?"

"तुमाला केवडा आला, म्हनून मला भेंडीबाजार आला!"

"आन् मला ह्या नाग्याला आला म्हनून!" पाटील ओरडले.

"मला खराच आला हो," मोतीबाई कुरकुरल्या आणि कमरेची सुपारीची पिशवी उलगडू लागल्या. आत चंदनाचा तुकडा होता. "हा मी कायम ठेवते." आणि तो पाहताच त्यांनी पिशवी घाईने आवळली.

सगळ्या माना नागूकडे वळल्या.

"त्याला नका इचारू," ठमी म्हणाली. "परवा ह्याच्या चुलीवर दूध करपलं. मी पार बांधावरनं वास घिऊन धावले, तर हा चुलीला टेकून चिलीम भरीत व्हता."

पाटलांनी खांद्यावरचे उपरणे नागूच्या डोळ्यांना बांधले आणि आईला डोळ्यांनीच खूण केली. मोतीबाईंनी घरातून मूठभर सुकट आणली. सुकट म्हणजे वाळवलेली बारीक कोलंबी. तिचा दर्प वेशीवरून कळतो. पाटलांनी ती नागूच्या नाकाशी धरली.

"म्हाराजांचा परसाद हाय. सांग काय आलं?"

नागूने छाती भरून श्वास घेतला आणि अंगाला झटका दिला.

"अहाहा! केवडा!"

असे हसू मी आंबेटेपमध्ये पुन्हा कधी ऐकले नाही. माणसे भाताच्या ढिगांवर पडून हसली. नागूने फडके काढले, सुकट पाहिली आणि रडू लागला. लहानपणी देवी आल्या, तेव्हापासून त्याच्या नाकाला काहीच कळत नव्हते. महाराजांनी त्याला त्यासाठीच पाळला होता. नाक शाबूत असलेला माणूस कधीतरी चुकून खरे बोलून जातो, नागूला चुकणे शक्यच नव्हते. शंभर नाके एका मेलेल्या नाकाच्या मागे रांगेत उभी राहिली होती.

महाराज उठले. दाढीतले फोल झटकत म्हणाले, "संशयाने भ्रष्ट झालेल्या गावात गंध राहत नाही! आम्ही चाललो!"

"मंग पयल्या दिशी तर कुनाला संशय नव्हता, तवा का नाय आला?" ठमीने विचारले. "आन् तुजा धोंडा ने की."

"ह्याचा कुटला धोंडा?" रांगेच्या शेपटातून जैतू म्हणाला. "वढ्यातला हाय. माजी म्हस रोज त्याला पाठ घासायची."

पंचनाम्याचा कागद कोराच राहिला. पाटलांनी ठमीची माफी मागितली नाही, ते त्यांना येत नव्हते. दुसऱ्या दिवशी निरोप गेला, "ठमे, बियान्याची कनगी हुंगून जा." वाडी पुन्हा झोडणीला आली.

हे सगळे मी घडवले असे लोक पुढे सांगत. मला ते ऐकवत नाही. ठमीने भर खळ्यात, सगळ्यांच्या तोंडावर 'नाय' म्हटले होते. मी भिंतीकडे तोंड करून म्हटले.

फाल्गुनात एका सकाळी शाळेच्या उंबऱ्यावर पानात गुंडाळलेली चार चाफ्याची फुले होती. ठमी कुंपणापलीकडून मोळी घेऊन चालली होती.

"हुंग, मास्तर!" ती ओरडली. "आता आला का?"

"आला," मी म्हणालो. माझा आवाज तिच्यापर्यंत पोहोचला.

वाचणाऱ्यांना माझे मागणे थोडके आहे. बुवा बहुधा एकटा कुणाला फसवत नाही. आपण एकमेकांची तोंडे पाहत राहतो आणि त्याचे अर्धे काम आपणच करून टाकतो. म्हणून पुढच्या वेळी कुणी दगडापुढे उभे करून काय येते ते विचारील, तेव्हा शेजाऱ्याकडे पाहू नका. स्वतः हुंगा. नाही आला तर नाही म्हणा. म्हणायचा धीर नसेल तर माझ्यासारखी पाटी पालथी घाला, पण तिच्यावर खरे लिहा. आणि रांगेतले शेवटचे माणूस 'नाय' म्हणाले, तर त्याला गावाबाहेर काढण्याआधी एकदा धोंड्यापाशी परत जाऊन या.